वास

गोडोलीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर बसून
मी एस्बियर्गमध्ये घर शोधते आहे.
जून, जुलै, ऑगस्ट, तीन महिन्यांचं ट्रेनिंग.
कंपनी म्हणाली, तिकीट आमचं,
छप्पर तुमचं तुम्ही बघा.

पहिलं घर फोटोत फारच देखणं होतं.
मालकाने आगाऊ पैसे मागितले, मग आणखी आगाऊ,
मग तो आणि त्याचं घर, दोन्ही दिसेनासे झाले.
दुसऱ्याचं छत इतकं उतरतं
की सुधन्वा म्हणाला, सरळ उभं राहायला जिन्यात जावं लागेल तुला.
तिसऱ्याने लिहिलं :
स्वयंपाक चालेल, वास नको.

मी मोठ्याने वाचलं.
सुधन्वा लसणाची फोडणी देत होता,
त्याने पटकन कढईवर झाकण टाकलं.
मला मात्र ते वाक्य दोन दिवस पुरलं.
आपल्याकडे वास म्हणजे राहणंसुद्धा.
राहा, पण राहू नका,
एवढंच म्हणत असेल तो बिचारा.

चौथं घर बिर्गिटचं.
इथे रात्रीचे साडेनऊ, तिथे संध्याकाळचे सहा
आणि उजेड आपल्या चारच्या चहाचा.
फोन हातात धरून ती दारातून आत गेली,
तिच्यामागून मी,
उंबऱ्यापाशी चपला काढायला क्षणभर थबकून.

ही किटली. हे चमचे, सहा.
एकटीला सहा कशाला, म्हणणार होते,
पण तीन महिन्यांत पाच जणांशी ओळख होईलही, कुणी सांगावं.
हा पलंग. उशी तुझी तू आण.
ह्या खिडकीची कडी वाऱ्याने सुटते,
खाली कागद दुमडून घालायचा.
आणि हे कपाट बंद राहील.

एवढं एकच वाक्य ती फोनकडे न बघता बोलली.
मी विचारलं नाही.
महिन्याला साडेसहा हजार क्रोनर,
त्यात न विचारण्याचे थोडे धरलेले असणार.

मग ती खिडकीशी आली.
दूर समुद्रात पांढऱ्या पात्यांची रांग.
तुझं काम ह्यांच्यावरच ना?
हो म्हटलं, आमच्याकडेही आहेत, चाळकेवाडीच्या पठारावर.
फक्त खाली पाणी नाही, म्हशी चरतात,
आणि श्रावणात अर्धा खांब ढगात जातो.
शिडी चढताना वर काहीतरी आहे
हे आठवणीवरच मानायचं.
वारा फार असतो?
डबा उघडला तर चपाती उडते.
चपाती समजावण्यात चार मिनिटं गेली,
मग ती हसली, जरा उशिरा,
आणि अनामत निम्म्यावर आली.

फोडणीचं मी भीतभीतच काढलं.
ती म्हणाली, खिडकी उघड,
इथला वारा काही ठेवत नाही.

फोन ठेवला.
आमचंच स्वयंपाकघर मी मग
परक्या बाईला दाखवावं तसं बघत राहिले.
हा मिक्सर, झाकण दाबून धरावं लागतं.
हा नळ, बंद केल्यावर दहाएक थेंब गळतो,
मग आपणहून थांबतो, घाबरू नये.
ओट्याच्या ह्या कोपऱ्यात मुंग्या येतात,
साखरेचा डबा हलवला
तरी तिसऱ्या दिवशी त्यांना कळतं.
हा चटका माझा, हा त्याचा.
ही खुर्ची डुगडुगते,
तिच्यावर बसायचं कसं ते दोघांनाच ठाऊक.

सुधन्वा टॉवेलला हात पुसत दारात उभा.
भाड्याने देतेस का, तीन महिने?
फर्निश्ड आहे, म्हटलं.
पण एक कपाट बंद राहील.
कुठलं?

मी सगळ्या कपाटांकडे बघितलं.
ते अजून ठरायचंय.